लाइट गेली तेवढी जागा

“मॅडम, प्रिंट इथंच निघते का?”

“इथं फक्त जीव निघतो. प्रिंटचं दुकान गेटापलीकडं आहे,” मी मान वर न करताच म्हटलं.

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते खरंच आहे. पण त्या दिवशी चूक माझ्या एकटीची नव्हती. पोळा झाला आणि बुऱ्हाणपुरात झड लागली ती लागलीच. सूर्य म्हणून दिसत नव्हता. कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल आली होती, कॉलेजात पोरं फिरकत नव्हती. आणि मी, चारुलता, एमएस्सी, फिजिक्स लॅबची कंत्राटी डेमॉन्स्ट्रेटर, एकटीच त्या अंधाऱ्या लॅबमध्ये गंजलेल्या लंबकांची राखण करत बसले होते.

टप… टप… टप… पाणी फरशीवर गळायला लागलं तेव्हा मी वर बघितलं.

दारातला माणूस गेलाच नव्हता. उंच, सावळा, डोक्यावर गोणपाटाची खोळ. स्वतः चिंब भिजलेला, पण हातातला कागद मात्र प्लास्टिकच्या पिशवीत अगदी कोरडा.

“दुकानातूनच आलो, मॅडम. तो म्हणतो, शाई पसरली म्हणून असं दिसून राहिलं, कॉलेजातल्या मशीनवर काढा. पण मला नाही वाटत शाईचा दोष आहे.”

मी हात पुढं केला. बघायला नको होतं, पण बघितलं. कागदावर एक स्पेक्ट्रम होता. म्हणजे एखादी वस्तू थरथरते, तेव्हा त्या थरथरीत किती वेगाची कंपनं किती जोरात आहेत, ते दाखवणारा ग्राफ. जिथं कंपन जोरात, तिथं सुळका.

“कशाचा आहे?”

“आमच्या विहिरीवरच्या पंपाचा. फोपनारला. पंपावर सेन्सर बसवला मी.”

मला हसूच आलं. “तुमचा पंप वीस सेकंदांत एकदा हलतोय. पंप आहे का आजारी म्हैस?”

“हसून घ्या,” तो म्हणाला. “चुकलंय हे मलाबी कळते. कुठं चुकलं ते कळत नाही.”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं… रुसवा नव्हता, थकवा होता. मी गुपचूप खुर्ची सरकवली आणि त्याचा पेन ड्राइव्ह मागितला. लॅबमधल्या एकाच कॉम्प्युटरवर ते ग्राफचं सॉफ्टवेअर होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसे.

चूक पहिल्याच कॉलमात होती. त्यानं वेळ मिलिसेकंदांत भरली होती आणि सॉफ्टवेअर तिला सेकंद समजत होतं. मी ते बदललं. सुळका उडी मारून अठ्ठेचाळीसवर गेला. सेकंदाला अठ्ठेचाळीस फेरे, चांगल्या पंपाला शोभतील असे. शून्यावर एक भला मोठा खांब उभा होता, तो सरासरी वजा केल्यावर आडवा झाला.

“आता बघा.”

तो बघत होता. पण पडद्याकडं नव्हे.

“ग्राफ तिकडं आहे,” मी म्हटलं.

“हो… तोबी बघतो.”

त्याचं नाव जीवन. इंदूरला इंजिनिअरिंग केलं आणि परत गावी, फोपनारला, केळीच्या शेतीत आला. एवढं त्या दिवशी कळलं. आणि ग्राफ अजून नीट नाही, हेही कळलं. अठ्ठेचाळीसवर एकच बारीक, सरळ सुळका पाहिजे होता. तिथं सगळ्या बाजूंनी फांद्या फुटलेलं झुडूप उगवलं होतं.

“उद्या येऊ?” त्यानं विचारलं.

“या. पण छत्री घेऊन या, ही फरशी मलाच पुसावी लागते.”

दुसऱ्या दिवशी तो आला. छत्रीशिवाय. पिशवीत केळीचे वेफर्स.

“ही काय फीस आहे का?”

“नाही, फरशीची भरपाई.”

मग तो येतच राहिला. फोपनारहून शाहपूरला यायचं, तिथून बस धरायची, बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याला उतरायचं, भिजत यायचं. आम्ही त्या झुडपाच्या मागं लागलो. सेन्सरचा स्क्रू ढिला असेल म्हणून तो आवळून आला. मी डेटाचे लांब तुकडे घेतले, आखूड घेतले, गाळून बघितलं. झुडूप होतं तसंच. दुपारी बाहेर झिरझिर, आत एक ट्यूबलाइट, आणि पडद्यासमोर आम्ही दोघं, मध्ये वेफर्सचा कागद. ‘अहो मॅडम’चं ‘चारू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं असतं तर मी टोकलंच असतं.

“तू इतकी रागावते, तरी मला इथंच यावंसं वाटते. माझंच डोकं फिरलंय का?” तो एकदा म्हणाला.

“डोक्यात पाणी गेलंय. छत्री घे म्हणून सांगितलं होतं.”

तो हसला. तो हसला की डाव्या गालावर बारीकशी खळी पडायची, आणि मी उगाच की-बोर्ड साफ करायला घ्यायची. आवडत होता मला तो. सरळ सांगते, फार आवडत होता.

एका दुपारी त्यानं कोइम्बतूरचं सांगितलं. तिथल्या एका पंप संशोधन केंद्रात त्यानं अर्ज केला होता. दोन वर्षांची जागा. त्याचा सेन्सरचा डबा त्यांना आवडला होता. फक्त महिनाअखेरीच्या आत स्वच्छ स्पेक्ट्रम पाठवायचा होता, डबा खरंच चालतो याचा पुरावा म्हणून. ग्राफ नीट आला तर तो जाणार. नाही आला तर जागा दुसऱ्याला.

“मग लागू या ना कामाला,” मी म्हटलं आणि पडद्याकडं वळले.

तोंडानं तसं म्हटलं, पण मन वैरी झालं होतं. मला तो ग्राफ नीट व्हायला नको होता. झुडूप राहू दे, झड राहू दे, शाहपूरची बस राहू दे. रोज सकाळी मी देवाला हात जोडताना हेच मागत होते, आणि दुपारी त्याच हातांनी ग्राफ दुरुस्त करायला बसत होते.

“एवढं काय पंपाचं वेड तुला?” मी विचारलं. “दुसरी पोरं मोबाईल ॲप बनवतात.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. राखाडी आभाळ आणि भिजलेला कडुनिंब.

“माझा मोठा भाऊ होता. पंकजदादा,” तो म्हणाला. “मागच्या पावसाळ्यात… याच दिवसांत. पंप जाम झाला होता. लाइट नव्हती, म्हणून दादा विहिरीत उतरला. लाइट नाही म्हणजे भीती नाही ना. पण स्टार्टर ऑटोवर होता. आपल्याकडं सगळेच ठेवतात. लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. आली की पंप आपोआप चालू, कुणाला धावायला नको. दादाचा हात पंपावर होता, आणि लाइट आली.”

मी वेफर्सचा कागद मिटून बाजूला ठेवला.  

“पंप जाम होणार असला की आधी त्याची थरथर बदलते. हे आधी कळलं असतं तर तो बाहेरूनच बंद करता आला असता. मेकॅनिक बोलावला असता. कुणी उतरलं नसतं… बस, एवढंच आहे हे.”

त्या रात्री मी देवाकडं काहीच मागितलं नाही. काय मागावं ते कळेना.

महिना संपत आला. एका दुपारी मी त्याला झापत होते. “तू सेन्सर तिरका बसवला असशील, तुला साधं…” आणि लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा. यूपीएस तर केव्हाच मेला होता. आम्ही अंधारात बसून राहिलो. त्याचा हात टेबलावर होता, माझ्यापासून वीतभर. त्यानं हलवला नाही, मीही हलवला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग लाइट आली आणि मी म्हटलं, “…स्क्रूसुद्धा सरळ लावता येत नाही.”

आणि माझी मीच दचकले.

आपण सगळे असंच करतो. लाइट गेली की वाक्य जिथल्या तिथं सोडतो, आली की तिथूनच धरतो. मधला वेळ आपण मोजतच नाही. शिलाई मशीनवाला नाही मोजत, चक्कीवाला नाही मोजत. जणू तो गेलाच नाही.

“जीवन… पंप चालू असताना लाइट जाते, तेव्हा फाइलीत काय येतं?”

“शून्य.” त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

“आणि त्या शून्यांचं तू काय करतोस?”

“काढून टाकतो. मागचं-पुढचं जोडतो.”

मी कपाळावर हात मारला. पावसात लाइटचा लपंडाव. मिनिटाला चारदा जाते, चारदा येते. पंप थांबतो, पुन्हा सुरू होतो, तो जिथं थांबला तिथूनच कसा सुरू होणार? आणि यानं सगळे तुकडे टोकाला टोक लावून शिवून टाकले होते. सॉफ्टवेअर बिचारं समजत होतं की पंप सलग चालला. प्रत्येक शिवणीवर थरथर अडखळत होती, आणि त्या अडखळण्याचंच झुडूप झालं होतं.

“अरे, ती जागा कापायची नाही! रिकामी राहू दे तशीच. प्रत्येक तुकड्याचा वेगळा स्पेक्ट्रम काढायचा आणि शेवटी त्यांची सरासरी. बस! कशाला कापलंस रे ते?”

“मला ती रिकामी जागा बघवत नाही, चारू,” तो म्हणाला. “दर वेळी रेघ तुटली की… दादा उतरून राहिला असं वाटते.”

माझा हात माऊसवरच राहिला. मी त्याच्याकडं बघितलं. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

“मी करते. तू नको बघू,” मी म्हटलं. “फक्त मूळ फाइल दे. अरे वा, आता कळलं, झुडूप का जात नव्हतं!”

त्यानं पेन ड्राइव्ह दिला नाही.

“मला कळलं होतं,” तो म्हणाला. “मागच्या सोमवारीच.”

“काय?”

“तुकड्यांचं. घरी करून बघितलं मी. सुळका आला. अठ्ठेचाळीसवर… एकदम सरळ.”

“मग रोज ते झुडूप घेऊन कशाला येत होतास?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. या वेळी मी त्याला, ग्राफ तिकडं आहे, असं म्हटलं नाही.

“ग्राफ बरोबर झाला असता तर इथं कशाला आलो असतो?”

कुणी दुसरी असती तर लाजली असती. मलाही आधी तेच झालं.  मी इतके दिवस जे देवाला मागत होते, तेच हा स्वतःच करत बसला होता! आणि मग मला राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता.

“लाज नाही वाटत?” मी उभीच राहिले. “दादाचं नाव सांगतोस आणि इथं वेफर्स खात बसतोस? उद्या अजून कुणाचा दादा उतरला विहिरीत, तर काय सांगशील? एका पोरीचे डोळे बघत होतो म्हणून?”

“चारू…”

“पाठव. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर.”

“दोन वर्षं आहेत. तू…” तो अडखळला. “तू एकदा थांब म्हण. फक्त एकदा. मी थांबतो.”

बाहेर झिरझिर चालूच होती. मला माहीत होतं, माझ्या मनात आहे ते मी बोलले तर हा जाणार नाही. ‘आवडतोस’ म्हटलं असतं तरी गेला नसता. इतका तो तयार होता थांबायला. आणि आयुष्यभर त्या विहिरीकडं बघताना तो मलाही बघत राहिला असता.

“पाठव,” मी म्हटलं.

“बस? अजून काही नाही?”

“नाही.”

त्यानं पाठवला. मी पडद्यावर तो सुळका बघितला. इतका देखणा ग्राफ मी आजवर पाहिला नाही, आणि इतका नकोसाही. तो गेल्यावर मी फरशी पुसायला घेतली. पुसत पुसत रडले, आणि तिथंच पुन्हा पुसत राहिले.

निवड झाली. जायच्या दिवशी तो शनवाऱ्याच्या गेटाजवळ भेटला. हातात बॅग आणि, कमाल म्हणजे, छत्री. त्यानं मावा जिलबीचा पुडा माझ्या हातात दिला. फोपनारच्या पंपावर त्यानं नवीन डबा बसवला होता. आत सिम, आत बॅटरी. पंपाची रेघ फोनवर दिसणार होती, त्याच्या आणि माझ्याही.

“तिथं लॅबमध्ये फोन बंद करून बाहेर ठेवावा लागणार,” तो म्हणाला. “तू बघत राहशील? हा घरचा नंबर. आई उचलते, मालूबाई.”

“बघेन. काम काय आहे मला दुसरं.”

“लाइट गेली तेवढी जागा आता रिकामीच दिसते त्यात. कापत नाही मी.”

“शहाणा झालास.”

रिक्षा आली. तो काहीतरी ऐकायला थांबला होता, आणि मी जिलबीच्या पुड्याची दोरी सोडवत बसले.

हिवाळा गेला. त्याचे फोन यायचे, पण सगळे पंपाबद्दल. विचारावंसं त्याला वाटत होतं, सांगावंसं मला, आणि आम्ही बोलत होतो बेअरिंगवर. घरी आईनं स्थळं काढली होती. “खामगावचा मुलगा चांगला आहे,” ती म्हणायची. मी म्हणायची, “मग तूच कर.” आई माझ्याशी बोलेनाशी झाली. घरात नुसता भांड्यांचा आवाज.

चैत्रात एका दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी. लॅबमध्ये पुन्हा तोच अंधार. मी सवयीनं फोन उघडला, आणि अठ्ठेचाळीसच्या पुढं, बरोबर दुप्पट जागी, दुसरा सुळका उभा राहिलेला दिसला. काल नव्हता. बघता बघता तो वाढला. पंप कुठंतरी घासत होता, अडकत होता. मी जीवनला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आणि रेघ तुटली. फोपनारची लाइट गेली होती.

त्या रिकाम्या जागेकडं बघताना मला पंकजदादा आठवला. घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईनं उचलला.

“कोन?”

“मालूबाई ना? मी बुऱ्हाणपूरहून बोलते, कॉलेजातून. जीवनचे बाबा कुठं आहेत?”

“ते मागं विहिरीवर गेले. मोटर जाम झाली म्हने. लाइट नाही, तवर बघून घेतो म्हने…”

“स्टार्टर ऑटोवर आहे का?”

पलीकडून अगदी हळू, “केळी सुकी राहिली होती, माय. म्हनून लावला होता…”

“हाक मारा त्यांना! पळा! खाली उतरू देऊ नका, लाइट येईल! आई, पळा!”

फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग तिची आरोळी. “उखर्डूऽऽ! अहोऽऽ!” नवऱ्याचं नाव कधी न घेणारी बाई नावानं हाक मारत होती, आणि ती हाक लांब लांब जात होती. मग नुसता वारा. मी फोन कानाला घट्ट लावून बसले. तोंडात ‘पांडुरंगा, पांडुरंगा’ एवढंच.

आणि मी फोन खाली घेऊन बघितलं, तर पडद्यावर रेघ पुन्हा सुरू झाली होती. लाइट आली होती.

 “आई?” मी ओरडत होते. “आई? मालूबाई?” कुणी नाही. रेघ वेडीवाकडी थरथरत होती, मग ती एकाएकी सपाट झाली. लाइट असून सपाट, म्हणजे कुणीतरी स्टार्टर पाडून बंद केला होता. पण कुणी, ते कसं कळणार?

खूप वेळानं फोन उचलला गेला. धाप लागलेली.

“काठावर होते…” मालूबाई रडत होती. “एक पाय पायरीवर टाकेल होता. मी मागून सदरा धरला आन् तवाच मोटर गुरगुरली वं… बसले आता खाटेवर. थरथरून राहिले नुसते.”

मलाही रडू फुटलं. आम्ही दोघी, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, फोनवर रडत बसलो. थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं.

“पन तू कोन वं माय?”

“मी कॉलेजातली. जीवनचा तो ग्राफ…” मी सुरू केलं, आणि मला ते इतकं खोटं वाटलं. जे इतके महिने गिळून बसले होते ते आता आत राहीना.

“मी तुमची सून, आई,” मी म्हटलं. “होणारी.”

पलीकडं पाऊस पत्र्यावर पडायला लागल्याचा आवाज आला.

“जीवनले माहीत हे का?”

“नाही. अजून सांगितलं नाही.”

“मंग मी सांगू, का तू सांगती?”

“मी सांगते.”

संध्याकाळपर्यंत मी त्याचा नंबर लावत राहिले. लॅबला कुलूप लावलं, पायऱ्यांवर बसले, पुन्हा लावला. शेवटी एकदाचा लागला.

“चारू? इतके मिस्ड कॉल? काय झालं, ग्राफ ठीक आहे ना?”

“ग्राफ मरू दे,” मी म्हटलं. “घरी सगळे बरे आहेत, ते मग सांगते. आधी हे ऐक.”